सोमवारी छाती भरते का?

"शून्य आला तर तुला आनंद व्हायला हवा," केतन सर फोनवर म्हणाले. "तू तर भांडायच्या सुरात बोलतेयस."

"सर, शून्य येईलच कसा? मी त्या हॉलमध्ये दहा मिनिटं उभी राहिले तरी घरी येऊन खोकते. त्या बायका तिथं अख्खा हंगाम उभ्या असतात."

"डेटा शून्य सांगतोय."

"मग डेटा खोटा बोलतोय."

"डेटा तूच गोळा केलायस ना?"

एकतीस फॉर्म मीच भरले होते. एकतीसच्या एकतीस बायकांनी एकाच प्रश्नाला 'नाही' म्हटलं होतं, आणि प्रत्येक फॉर्मखाली माझी सही होती.

मी आदिलाबादला लागून असलेल्या मावल्याची. कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत फील्ड ऑफिसर आहे. संस्थेचं मुख्य ऑफिस पुण्यात, आणि केतन सर तिथले प्रोजेक्ट मॅनेजर. या नोकरीआधी मी एका कामगार गटासाठी पत्रकं लिहायचे. चौकात उभं राहून वाटायचे, लोक वाचून फेकायचे, मी उचलून पुन्हा वाटायचे. त्यामुळे माझं लिहिणं जरा ओरडल्यासारखं वाटलं तर सवय समजा.

बेला गावाच्या रस्त्यावर एक जिनिंग मिल आहे. नाव लिहीत नाही. तसल्या अनेक आहेत. शेतातून येतो त्या कापसात सरकी असते, म्हणजे बी. जिन नावाचं मशीन सरकी एकीकडे टाकतं आणि रुई दुसरीकडे. रुई दाबून तिच्या गठाणी बांधतात. गठाणी सूतगिरणीत जातात, तिथून सूत, कापड आणि शेवटी तुमच्या अंगातला टी-शर्ट. टी-शर्टच्या लेबलवर हल्ली एक हिरवं पान छापलेलं असतं. मशीनसमोर उभं राहून त्याच्या तोंडात कापूस सोडणारी बाई त्या लेबलवर नसते. ती हंगामापुरती लागते. दिवाळीनंतर आली, होळीला गेली, कुठल्या कागदावर तिचं नाव असलं तर नशीब.

कापूस फुटताना जे उडतं त्याला आमच्याकडे फुपाटा म्हणतात. त्यात माती असते, वाळक्या पानाचा चुरा असतो, डोळ्याला न दिसणारे तंतू असतात. तोंडाला दस्ती, म्हणजे रुमाल, बांधून बायका काम करतात. दस्ती दुपारपर्यंत पांढरी होते. त्याच दस्तीनं घाम पुसायचा आणि तीच परत नाकावर.

या धुळीचा एक ठरलेला आजार आहे. दमाच वाटतो, पण त्याची एक खूण आहे. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर आलं की छाती आवळल्यासारखी होते. पुढच्या दिवशी कमी. आठवडाअखेर जवळपास काहीच नाही. मग सुट्टी, मग पुन्हा पहिला दिवस, पुन्हा तेच. काही वर्षांनी मात्र सगळे वार सारखेच होतात आणि तेव्हा औषधाचा फारसा उपयोग नसतो. म्हणून ही खूण आधी पकडायची. जगभर ती 'सोमवारची तक्रार' म्हणून ओळखली जाते आणि आमच्या फॉर्ममध्ये त्यावरच प्रश्न होता: सोमवारी छाती भरते का?

फॉर्म भरायचं कारण असं. या मिलची रुई शेवटी जिच्या कपड्यांत जाते त्या मोठ्या कंपनीला 'जबाबदार कापूस' असं म्हणवून घ्यायचं होतं. त्यासाठी तिनं आमच्या संस्थेला तपासणी दिली. अट सरळ होती. आजाराच्या केसेस सापडल्या तर मिलनं धूळ ओढणारी यंत्रणा बसवायची आणि आजारी बायकांना जिनच्या हॉलमधून बाहेरचं काम द्यायचं. नाही सापडल्या तर काही करायचं नाही, पुढची तपासणी तीन वर्षांनी.

तीन वर्षं सुमनमावशी थांबू शकत नव्हती.

सुमनमावशी बेल्याकडची. आमच्या कुठल्या नात्यातली नाही, पण मिलमध्ये सगळ्याच तिला मावशी म्हणतात. सहा हंगाम ती जिनसमोर उभी आहे. चार पायऱ्या चढली की कठड्याला धरून थांबते. सरकारी दवाखान्यात तिला दमा म्हणून सांगितलं आणि घरात चूल आहे का विचारलं. आहे म्हटल्यावर विषय संपला. तिनं मॅनेजरकडे यार्डातलं काम मागितलं. यार्ड म्हणजे मिलचं उघडं अंगण, तिथं कापसाचे ढीग उतरवतात. मॅनेजर म्हणाला, हा आजार मिलच्या कामामुळे आहे असं कुणाकडून तरी लिहून आण.

ते लिहून देणारी मी होते. आणि मी लिहून दिलं: शून्य.

मॅनेजर खूश. श्रीनिवास सार म्हणतात त्याला सगळे. हैदराबादकडचा माणूस, आमच्याशी हिंदीत बोलतो. रिझल्ट कळल्यावर त्यानं मला खुर्ची दिली, जी त्याआधी कधीच दिली नव्हती.

"मैं बोला था ना आपकू? हमारे मिल में सब तंदुरुस्त."

"और सुमनमावशी?"

"उसके घर में चूल्हा है मॅडम. धुआँ पी पी के खाँसती. मेरा मिल क्या करता उसकू? चाय लेते?"

चहा घेतला नाही. आता वाटतं घ्यायला हवा होता, डोकं तरी शांत झालं असतं. कारण तिथून उठून मी सरळ बायकांकडे गेले आणि जे करायला नको तेच केलं.

जेवणाची सुट्टी होती. सरकीच्या ढिगाच्या सावलीला सगळ्या डबे उघडून बसल्या होत्या. मी उभ्यानंच सुरू झाले.

"तुमी खोटं काऊन सांगितलं? सारले भेता काय? हे तुमच्याच जिवाचं होतं ना! एकीनं तरी हो म्हणायचं."

सुमनमावशीनं घास संपवला आणि डब्याचं झाकण लावलं.

"आमी खोटं बोललो?"

"मंग? सोमवारी छाती भरते का म्हटलं, तं सगळ्याच नाई, नाई, नाई."

"सोमवारी नाई भरत तं काय सांगू? भरते म्हणून सांगू?"

"मावशी, बोलता बोलता तू दोनदा खोकललीस!"

"तू खोकल्याचं कुठं इचारलं? तू छातीचं इचारलं, अन् तेबी सोमवारचं इचारलं. जे इचारलं ते सांगतलं."

"आमाले काय तुमच्यासारकं शिकेल समजता का बाई," मागून एक जण म्हणाली, "मनानं उत्तर बनवाले?"

सगळ्या हसल्या. मी नाही हसले. मावशीनं माझ्या हातात आयतं उत्तर ठेवलं होतं आणि मी भाषण देत होते. हक्क, भीती, मालक, एकजूट, सगळं बोलून झालं. भोंगा झाला. बायका दस्त्या झटकून उठल्या.

घरी बाबांसमोर चिडचिड केली. बाबा मंडल ऑफिसात, म्हणजे तहसिलीत, क्लार्क होते, आता रिटायर आहेत. शेंगा सोलत त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दरखास्त वापस आली का पयले आपण काय लिवलं ते पाहाव. साहेबाले शिव्या मंग देता येते."

मला बाबांचाही राग आला. त्या आठवड्यात मला सगळ्यांचाच राग येत होता.

पण बायकांना खोटारड्या म्हणाले ते मनातून जात नव्हतं. शनिवारी मावशीला भेटायला गेले. मिलमध्ये नाही, गावच्या बाजारात. शनिवारी मिल बंद असते हे मला माहीत होतं. माझ्या डायरीत ठळक लिहिलेलं होतं: शनिवार, मिल बंद, जायचं नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. मी नाही ठेवलं.

मावशीला शोधावं लागलं नाही. तिचा आवाज बाजाराच्या या टोकापर्यंत येत होता. वाळल्या मिरच्यांवरून ती एका माणसाशी भांडत होती, एका दमात, मध्ये श्वाससुद्धा न घेता. मिरच्या घेतल्या, मग मुरमुरे, मग चपलेच्या दुकानात जाऊन चार जोड पायात घालून बघितले आणि एकही घेतला नाही. मी मागे पळत होते.

"मावशी, चुकलं माझं. तुमाले खोटं म्हणाले नको होतं."

"चुकलं तं चुकलं. हे पिशवी धर."

पिशवी धरली. थोडं चालल्यावर माझ्या लक्षात आलं की मला धाप लागलीय आणि तिला नाही.

"मावशी, आज तुला खोकला नाई?"

"बाजाराच्या दिशी कायचा खोकला वो? आज मोकळं राह्यते. उद्या पाय माह्ये हाल. उद्या दुपारून छातीवर कोनं पाटा ठेवल्यावानी होते. पोरगी पाठ चोळते तवा झोप लागते. मंग परवा थोडं बरं, तेरवा अजून बरं."

"उद्या?"

"उद्या नाई तं कवा? सुट्टीच्या दुसऱ्या दिशी."

"पण उद्या तर रविवार हाय."

मावशी थांबली. माझ्याकडे बघितलं, जसं अंगणवाडीतल्या पोराकडे बघतात तसं.

"मिलले रविवार कोनं सांगतला बाई?"

मी पिशवी घेऊन तिथंच उभी राहिले. मागून एक मोटरसायकल हॉर्न मारत होती.

या गावात बाजाराच्या दिवशी कुठलीच बाई कामावर जात नाही. आठवड्याचं सगळं सामान त्याच दिवशी आणायचं असतं. मिलनं फार पूर्वी कधीतरी रविवारचा हट्ट धरून बघितला होता म्हणे. शनिवारी रिकामी मशीनं बघून सोडून दिला. तेव्हापासून सुट्टी शनिवारी, काम रविवारी. रजिस्टरमध्ये मात्र सुट्टी रविवारच लिहिलेली, कारण छापील रजिस्टर तसंच येतं. म्हणजे या मिलचा सोमवार रविवारी येतो. आणि रविवारी ना इन्स्पेक्टर येतो, ना डॉक्टर, ना मी.

घरी येऊन मी मूळ इंग्रजी फॉर्म काढला. बाबांनी सांगितल्यावर काढायला हवा होता. त्यात प्रश्न असा होता: सोमवारी (म्हणजे सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी) छाती भरते का? मराठी फॉर्ममध्ये कंस नव्हता. मराठी फॉर्म कुणी केला? मी. कंस कुणी काढला? मी. पत्रक लिहिणाऱ्याला पहिल्या दिवशी शिकवतात: वाक्य छोटं ठेवा, कंस टाकू नका, कंस कुणी वाचत नाही. मी फार मन लावून शिकले होते.

संध्याकाळी केतन सरांना फोन केला.

"सर, उद्या परत जाते. नव्यानं विचारते. फुंकून पण घेते."

फुंकणं म्हणजे पीक फ्लो मीटर. प्लास्टिकची एक नळी, तिच्यावर आकडे आणि काटा. जोरात फुंकलं की काटा वर सरकतो. फुप्फुसांतून हवा किती जोरात निघते ते कळतं. कामाआधी एकदा आणि काम सुटल्यावर एकदा फुंकायचं. दिवसभरात काटा बराच खाली आला तर धूळ आत काहीतरी करतेय.

"उद्या रविवार आहे," सर म्हणाले. "मिल बंद असेल."

"रजिस्टरमध्ये बंद आहे सर. गावात चालू आहे."

"म्हणजे?"

समजावलं. दोनदा समजावलं.

"हे बघ, प्रोटोकॉलमध्ये कामाच्या दिवशी असं लिहिलंय. ऑफिशियली रविवार कामाचा दिवस नाही. सोमवारी जा ना. एका दिवसानं काय फरक पडतो?"

एका दिवसानंच सगळा फरक पडतो हे मी आत्ताच दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा नाही सांगितलं. फोन ठेवला.

रविवारी सकाळी पाळी सुरू होण्याआधीच मी मिलच्या गेटवर. आत जिन रिकामंच चालू केलेलं, त्याचा आवाज येत होता. गेटवर श्रीनिवास सार स्वतः उभा. माझी स्कूटी गेटबाहेर दिसली असं वॉचमननं फोनवर कळवलं असणार.

"संडे को मिल बंद रहता मॅडम."

"तो ये आवाज किसका है?"

"सर्विसिंग चल रा."

"और ये सब औरतें?"

त्यानं मागं वळून रस्त्यानं येणाऱ्या बायकांकडे बघितलं. "सर्विसिंग की हैं."

"तीस औरतें मिल के सर्विसिंग करते?"

"अंदर परमिशन नहीं है आपकू."

"अंदर आ कौन रहा है?"

गेटसमोर रस्त्याच्या कडेला नाल्यावरचा एक छोटा पूल आहे, बसायला कट्टा असलेला. तो मिलचा नाही. मी तिथं नळी, कागदी तोंडं आणि कोरे फॉर्म मांडले. प्रत्येक बाईला वेगळं कागदी तोंड लागतं, एकीचं दुसरीला चालत नाही. बायका येत होत्या तशा थांबत होत्या.

"हे काय वो? फुंकणी?"

"फुंकणीच हाय. जोरात फुंका."

"चूल तं नाई ना पेटत इच्यानं? नाई तं सार म्हणन, पाय, चुलीचाच दमा हाय."

हसता हसता एकीचा श्वास वाया गेला, तिला परत फुंकायला लावलं. सुमनमावशीनं तीनदा फुंकलं. तीनदा फुंकायचं आणि मोठा आकडा लिहायचा असा नियम आहे. दोनशे नव्वद. लिहिलं. सगळ्या आत गेल्या. मी दिवसभर त्या कट्ट्यावर बसले. दुपारी श्रीनिवास सारनं वॉचमनच्या हातून पाण्याची बाटली पाठवली. ती मी घेतली. माणूस वाईट नाही, हेच तर जास्त चीड आणतं.

संध्याकाळी भोंगा झाला आणि त्या बाहेर आल्या. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, सकाळच्या बायका त्याच की दुसऱ्या ते कळेना. कुणी हसत नव्हतं. मी या वेळी नुसतं विचारलं, "आज छाती भरली का?" अकरा जणी हो म्हणाल्या. त्यात त्या दिवशी मागून टोमणा मारणारीही होती.

मावशी कट्ट्यावर बसली. नळी तोंडाला लावली, फुंकलं, आणि खोकल्यानं वाकली. मी पाठीवर हात ठेवला. तिनं तो बाजूला केला आणि पुन्हा नळी घेतली. दुसऱ्यांदा दोनशे. तिसऱ्यांदा दोनशे दहा.

"किती आला?" तिनं विचारलं.

सांगितलं.

"सकाळी किती होता?"

सांगितलं.

"म्हणजे मी खोटं नव्हती बोलत," ती म्हणाली. तिच्या आवाजात आनंद होता. मला तो आनंद बघवला नाही.

तेवढ्यात श्रीनिवास सार गेटातून आला.

"कल बाजार में मिर्ची भजी खाते सब. उससे होता मॅडम. गॅस."

"आप रोज खाते होंगे फिर भी नहीं खाँसते."

"देखो," आता तो बायकांकडे वळला, "ज्यादा चिल्लाए तो मैं उटनूर साइड से लेबर लाऊँगा. बहुत लोगां हैं."

मावशीनं दस्ती झटकली. केवढा फुपाटा उडाला.

"आना ना सार. त्यायलेबी छातीच असते."

सोमवारी केतन सर.

"रिपोर्ट कालच कंपनीला गेला."

"काल रविवार होता सर. रविवारी आपण काम करत नाही ना?"

"उगाच शब्दात पकडू नकोस. आणि तुझा हा डेटा मी कसा लावू? रजिस्टरप्रमाणे त्या दिवशी मिल बंद. म्हणजे त्या दिवशी धुळीत कुणी नव्हतंच."

"त्या बंद मिलमधून बायका पांढऱ्या होऊन बाहेर आल्या. फोटो आहेत."

"मग आधी रजिस्टर खोटं आहे हे सिद्ध करावं लागेल. ते आपल्या स्कोपमध्ये नाही."

स्कोप म्हणजे कामाची हद्द. आमच्याकडे जे करायचं नसतं ते सगळं स्कोपबाहेर असतं.

"सर, त्या एकतीस फॉर्मांवर माझी सही आहे. मी कंपनीला सरळ मेल करते. प्रश्न मी चुकीचा विचारला, कंस मी काढला, शून्य माझ्या चुकीमुळे आला. मला लिहायला लाज नाही वाटत."

"लिही की."

"आणि फॉर्म पुण्याच्या ऑफिसनं तपासून पास केला, तेही लिहिते. तारीख आहे माझ्याकडे."

सरांचा सूर खाली आला.

"मेल करू नकोस. पुरवणी म्हणून पाठव. मी जोडतो."

जोडलं. माणसानं शब्द पाळला हे लिहायला हवं. पुरवणीत माझी चूक पहिल्या ओळीत होती, तीही मीच घातली. कंपनीचं उत्तर आलं: शून्य रद्द, यंत्रणा बसवा, अकरा जणींना हॉलबाहेर काढा, रजिस्टर नीट करा. श्रीनिवास सारनं सगळ्यात आधी रजिस्टर नीट केलं. त्याला एक मिनिट लागलं. रविवार खोडून शनिवार. मग मावशी यार्डात गेली. तिनं मला स्वतः फोन करून सांगितलं.

पंधरा दिवसांनी तिचाच पुन्हा फोन.

"पोरी, ते मशीन बसोली तुमची."

"मग? बरं वाटते ना आता?"

"हॉलमंदल्या बायायले बरं वाटते. मी यार्डात बसतो ना, तं आता सगळा फुपाटा माह्या डोक्शावर येऊन राह्यला."

गेले. खरंच. हॉलच्या भिंतीत दोन मोठे पंखे बसवले होते आणि दोन्हींची तोंडं यार्डाकडे. आतली धूळ ओढायची आणि बाहेर आजारी बायकांच्या अंगावर सोडायची. तपासणीच्या कागदावर 'धूळ बाहेर काढण्याची सोय: आहे' यापुढे टिक होती. फोटोही होता, आतल्या बाजूनं काढलेला.

"अंदर डस्ट है क्या? देखो आप," श्रीनिवास सार म्हणाला.

"बाहर है!"

"कागज में बाहर का नहीं लिखा मॅडम. अंदर का लिखा."

या माणसाशी भांडायला मला फार आवडलं असतं, पण तो बरोबर होता. कागदात बाहेरचं नव्हतंच. मी पुन्हा पुण्याला लिहिलं, पुण्यानं कंपनीला, कंपनीनं मिलला. तीन आठवडे गेले. शेवटी पंख्यांना पत्र्याचे पाइप लागले आणि मागं एक खोली झाली, आत कापडी पिशव्या टांगलेल्या. धूळ त्या पिशव्यांत अडकते. पिशव्या भरल्या की मिलमागच्या नाल्याकाठी रिकाम्या करतात. नाल्याचं पाणी खाली शेतांत जातं. त्यावर मी वेगळा अर्ज दिला आहे. उत्तर आलं की तो विषय दुसऱ्या विभागाचा आहे.

पण मावशीचं सांगते. परवा एका रविवारी तिला कट्ट्यावर बसवून फुंकायला लावलं. सकाळी दोनशे ऐंशी, संध्याकाळी दोनशे पंच्याहत्तर. काटा जवळजवळ हलला नाही. मला वाटलं ती काहीतरी चांगलं बोलेल.

"छाती बरी हाय," ती म्हणाली. "आता टाळकं तापते. यार्डात एक झाड नाई वो. त्याचा फॉर्म हाय काय तुह्याकडं?"

फॉर्मवरून आठवलं. गेल्या आठवड्यात पुण्याहून सगळ्या जिल्ह्यांतल्या फील्ड ऑफिसरांना एक मेल आला. विषय: आदिलाबादच्या अनुभवावरून सुधारित प्रश्नावली. माझं नाव घालून आभारही मानले होते. मी अटॅचमेंट उघडली. प्रश्न सातवा: रविवारी छाती भरते का?

कंस नाही.

फोन लावला. "सर, हे काय आहे?"

"का? तूच म्हणालीस ना सोमवार चुकीचा आहे."

"त्या एका मिलमध्ये! दुसरीकडे सुट्टी रविवारीच असेल तर? कुठं मंगळवारी बाजार असेल तर?"

"मग काय लिहायचं म्हणतेस?"

"सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती भरते का."

"लांब होतं गं ते," केतन सर म्हणाले. "ट्रेनिंगमध्ये तूच सगळ्यांना सांगितलं होतंस, प्रश्न छोटा ठेवा."

सांगितलं होतं.

तर यातून मी एवढंच शिकले की कुठल्याही गावात फॉर्म घेऊन जाण्याआधी तिथला बाजार कोणत्या वारी भरतो ते विचारावं. ते कळलं नाही तर बाकी काही विचारू नये.

नव्या फॉर्मच्या माझ्या वाट्याच्या प्रती प्रिंट करून आल्या. मी टेबलाशी बसून प्रत्येकीवरचं 'रविवारी' पेनानं खोडलं आणि वर अख्खं वाक्य लिहिलं. ओळीत मावलं नाही. समासात जाऊन खाली वळलं. दिसायला घाण दिसतं. राहू दे तसंच.